आयातशुल्क दर्जा तपासत नाही

ऐंशीच्या दशकात कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यात 'फॉरेनचा माल' म्हटलं की लोकांचे डोळे चमकत. आखातातून सुट्टीवर आलेला माणूस टेपरेकॉर्डर, टॉर्च, थर्मास, साबण, अत्तराच्या बाटल्या घेऊन यायचा आणि त्याच्या घरी आठवडाभर पाहुण्यांची रीघ लागायची. त्या काळातले जपानी टेप कित्येक घरांत पंधरा-पंधरा वर्षं वाजले. आज त्याच घरांत 'चायना माल' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. चार दिवस चालला तर नशीब, असं आपण घेतानाच म्हणतो. दोन्ही वस्तू परदेशीच, दोन्ही बाहेरून आलेल्या. मग मधल्या चाळीस वर्षांत नेमकं काय बदललं?

हा प्रश्न आत्ता विचारायचं कारण आहे. गेल्या काही वर्षांत 'टॅरिफ' हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला आहे. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही एक उपाय सारखा फिरत असतो : बाहेरच्या मालावर शंभर टक्के कर लावा, म्हणजे बाजारातला कचरा आपोआप बंद होईल. ऐकायला बरं वाटतं. मी अर्थशास्त्रज्ञ नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण माझ्या कामाने मला एक गोष्ट पक्की शिकवली आहे. कोणतीही चाचणी तुम्ही तिला जे मोजायला सांगता तेवढंच मोजते. प्रोग्राम किती वेगाने चालतो याची चाचणी लिहिली, तर तो बरोबर उत्तर देतो की नाही हे तिच्यातून कळत नाही.

आयातशुल्काचंही तसंच आहे. ते वस्तूची किंमत बघतं. ती वस्तू टिकेल का, पेटेल का, मुलाच्या तोंडात गेली तर विष होईल का, हे प्रश्न ते विचारतच नाही. दर्जासाठी वेगळी चाळणी लागते. या दोन चाळण्यांची सरमिसळ झाली की दोन माणसं भरडली जातात. एक म्हणजे कमी पैशांत खरेदी करणारं गिऱ्हाईक, आणि दुसरा म्हणजे लहान उत्पादक. आपल्या समाजातली कितीतरी कुटुंबं या दोन्ही जागी उभी आहेत, आणि शिवाय दुकानाच्या गल्ल्यावरही बसलेली आहेत. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

जेव्हा 'इम्पोर्टेड' म्हणजे उत्तम होतं

आधी त्या टेपरेकॉर्डरचं कोडं सोडवू. १९९०-९१ मध्ये भारतात आयातशुल्काचा सर्वात वरचा दर ३०० टक्क्यांच्याही पुढे होता. रोजच्या वापराच्या बहुतेक परदेशी वस्तूंना लायसन्सशिवाय प्रवेशच नव्हता. भिंत इतकी उंच होती. करामुळे दर्जा सुधारत असता, तर त्या काळात भारतीय माल जगात पहिल्या नंबरचा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, गाड्यांचं मॉडेल दशकानुदशकं बदलत नसे, आणि घड्याळापासून कापडापर्यंत 'स्मगलिंगचा आहे' ही मालाची तारीफ समजली जाई. समोर स्पर्धक नाही आणि तपासणाराही नाही, अशा जागी दर्जा वाढायला काही कारणच उरत नाही.

मग आखातातून येणारा माल चांगला का असायचा? कारण तो निवडून आणलेला असायचा. ज्याच्याकडे सामानाला वीस-तीस किलोची मर्यादा आहे आणि जो तीन वर्षांनी घरी चाललाय, तो माणूस बॅगेत कचरा भरत नाही. तो दुकानात दहा वस्तू हाताळून त्यातली एक घेतो. ही निवड करणारा माणूस आणि वापरणारं घर एकच होतं.

१९९१ नंतर शुल्कं उतरत गेली. १ एप्रिल २००१ रोजी ग्राहकोपयोगी वस्तूंवरची आयातीची शेवटची संख्यात्मक बंधनंही उठली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. आता निवडणारा माणूस बदलला. कंटेनर मागवणारा व्यापारी वस्तू स्वतः वापरणार नव्हता. त्याला एवढंच बघायचं होतं की नग किती पैशांना पडतो आणि किती रुपयांना जातो. 'फॉरेन'चा 'चायना' झाला तो इथे. बनवणारा देश बदलला हे खरं आहे, पण त्याहून मोठा बदल निवड करणाऱ्यात झाला.

कारखाना तोच, ऑर्डर वेगळी

चीनमध्ये माल वाईटच बनतो, हा आपला लाडका गैरसमज आहे. जगातले सर्वात महागडे फोन आणि लॅपटॉप तिथेच जोडले जातात. तोच कारखाना, तीच मशिनं, पण ऑर्डर देणारा जसा कागद पुढे करतो तसा माल निघतो. एकाने सांगितलं की तांब्याची तार इतक्या जाडीची हवी, प्लॅस्टिक आग धरणारं नको, दर हजार नगांमागे इतके नग तपासून द्या. तर तसं मिळतं, आणि त्याची किंमत लागते. दुसऱ्याने सांगितलं की मला नग पंचवीस रुपयांत हवा, बाकी तुमचं तुम्ही बघा. तर तसंही मिळतं.

मोबाइल चार्जरचं उदाहरण घ्या. इंजिनिअरिंगला असल्यापासून मला चार्जर उघडून बघण्याची सवय आहे. त्या छोट्या डबीचं काम म्हणजे भिंतीतले २३० व्होल्ट घेऊन फोनला ५ व्होल्ट देणं. आतल्या सर्किटच्या दोन बाजू असतात, एक विजेची आणि एक तुमच्या हाताची. या दोहोंमध्ये साधारण पाच मिलिमीटरचं मोकळं अंतर लागतं, ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांमध्ये इन्सुलेशनचे थर लागतात, आणि गडबड झाली तर जळून सर्किट तोडणारा फ्यूज लागतो. चांगल्या चार्जरमध्ये हे सगळं दिसतं. रस्त्यावर साठ-सत्तर रुपयांना मिळणारे जे चार्जर मी उघडले, त्यांतल्या काहींत फ्यूजच नव्हता, आणि दोन बाजूंमधलं अंतर एखाद्या मिलिमीटरवर आलेलं होतं. वरून दोन्ही डब्या सारख्याच चकचकीत. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला हा फरक कळण्याचा कोणताही मार्ग नाही. चार्जर उशाशी लावून झोपणाऱ्या मुलाला तर नाहीच नाही.

जकात भरते कोण?

आता या दोन चार्जरवर शुल्क लावून बघू. आपण मराठी मुसलमान 'जकात' हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. एक आपल्या बचतीतून गरिबांचा हक्क म्हणून काढायची, आणि दुसरी नाक्यावर भरायची. मुळात शब्द एकच, अरबीतून आलेला. पण पहिली ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घेतली जाते, आणि दुसरी शेवटी जो विकत घेतो त्याच्या खिशातून जाते.

'आपण चीनवर कर लावला' असं म्हणतात तेव्हा चीन सरकार आपल्याला चेक पाठवत नाही. न्हावा शेवा बंदरात माल सोडवताना इथला आयातदार शुल्क भरतो. त्यातलं काही तो स्वतःच्या नफ्यातून सोसतो, कधी समोरच्या कारखान्याकडून भाव पाडून घेतो, आणि बाकीचं किमतीत घालून गिऱ्हाइकाकडे ढकलतो.

हे शुल्क बहुतेक वेळा मालाच्या जाहीर केलेल्या किमतीच्या टक्क्यांत असतं. हिशेब सोपा ठेवू आणि बाकीचे कर बाजूला ठेवून फक्त १५ टक्के मूळ शुल्क धरू. ६० रुपयांच्या निकृष्ट चार्जरवर ९ रुपये लागतील आणि तो ६९ ला पडेल. ४०० रुपयांच्या चांगल्या चार्जरवर ६० रुपये लागतील आणि तो ४६० ला पडेल. आधी दोघांत ३४० रुपयांचं अंतर होतं, आता ते ३९१ झालं. म्हणजे ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत त्याच्यासाठी चांगला चार्जर आणखी लांब गेला. वर, किंमत कमी दाखवून बिल करण्याचा मोह शुल्काच्या दराबरोबर वाढत जातो. खोटं बिल कोण करतो? ज्याच्या मालाला नाव नाही, गॅरंटी नाही, तोच. नावाजलेल्या कंपनीच्या वस्तूची किंमत जगजाहीर असते, तिला ते जमत नाही. कचरा अडवायला उभारलेल्या भिंतीत कचऱ्यासाठीच खिडकी राहते ती अशी.

शुल्काचा दर्जाशी संबंध नाही याचा उलटा पुरावा आपण नुकताच पाहिला. अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के जादा शुल्क लावलं आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. सोलापूरचा टेरी टॉवेल २६ तारखेला जसा होता तसाच २७ तारखेला होता. त्यातला एक धागाही बदलला नव्हता. रशियाचं तेल आणि दोन सरकारांमधली वाटाघाट यांचा हिशेब त्या टॉवेलच्या किमतीवर चढला. आपल्या मालाबाबत हे आपल्याला लगेच कळतं आणि अन्याय वाटतो. दुसऱ्याच्या मालाबाबत मात्र आपण टक्केवारीला दर्जाचं सर्टिफिकेट समजतो.

याचा अर्थ आयातशुल्क निरुपयोगी आहे असा नाही. फोनवरचं शुल्क २०१८ पर्यंत टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांवर नेलं, त्या काळात फोनची जोडणी मोठ्या प्रमाणावर भारतात आली. २०२४ च्या अर्थसंकल्पात फोन आणि चार्जरवरचा दर १५ टक्क्यांवर आणला. कारखाना कुठे उभा राहील यावर शुल्काचा परिणाम होतो. कोणी मुद्दाम तोट्यात माल ओतत असेल तर ते अडवण्याचंही हत्यार आहे. पण कारखाना इथे आला म्हणून त्यातून चांगलाच माल निघेल, ही हमी शुल्क देत नाही. ती हमी वेगळीकडून मिळवावी लागते.

खेळण्यांची गोष्ट

ती कुठून मिळते हे खेळण्यांच्या बाबतीत दिसलं. २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने दिल्ली परिसरातल्या बाजारातून आयात खेळण्यांचे १२१ नमुने उचलले आणि तपासले. ६६.९० टक्के नमुने नापास झाले. कुणाच्या कडा धारदार, कुणाचे तुकडे सुटून घशात अडकतील असे, कुणाच्या रंगात आणि प्लॅस्टिकमध्ये नको ती रसायनं. ईदच्या जत्रेत आपण मुलांच्या हातात जे देतो, त्यातलं बरंचसं याच जातीचं.

त्यानंतर सरकारने दोन गोष्टी केल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं शुल्क २० वरून ६० टक्के केलं, पुढे २०२३ मध्ये ७० टक्के. आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा केला. देशी असो वा परदेशी, खेळणं ठरलेल्या चाचण्यांतून गेल्याशिवाय विकता येणार नाही. २०१८-१९ मध्ये खेळण्यांची आयात सुमारे ३७ कोटी डॉलरची होती, ती २०२१-२२ मध्ये सुमारे ११ कोटी डॉलरवर आली.

हे आकडे दाखवून 'बघा, टॅरिफने केलं' असं सांगितलं जातं. मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. शुल्काने आयात कमी केली असेल, पण उरलेलं खेळणं मुलासाठी सुरक्षित आहे का, याचं उत्तर शिक्का देतो, ७० टक्के हा आकडा देत नाही. फक्त शुल्क वाढवलं असतं तर धारदार कडेचं तेच खेळणं जास्त किमतीला विकलं गेलं असतं, किंवा तसलंच खेळणं इथल्या एखाद्या शेडमध्ये बनलं असतं. बिघडलेल्या प्लॅस्टिकला देश नसतो.

या आदेशात एक शहाणपणाची गोष्ट होती. हस्तकला आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना आणि जीआय मिळालेल्या वस्तूंना त्यातून सूट दिली गेली. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी त्यात येतात. टिपू सुलतानच्या आश्रयाने ही कला रुजली असं तिथे सांगतात, आणि आजही तिथल्या कारागिरांत मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. अशा माणसाला प्रत्येक नमुन्यामागे प्रयोगशाळेची फी भरायला लावली असती, तर दर्जाच्या नावाने तोच आधी बुडाला असता. लहान कारखान्यांनाही स्वतःची प्रयोगशाळा उभारण्यातून काही काळ मोकळीक मिळाली. नियम कडक असावा, पण तो पाळण्याचा खर्च कोणाला किती झेपेल हे बघून.

शिक्क्याचीच भिंत झाली तर

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्या जास्त जवळची आहे. माझे एक चाचा भिवंडीत यंत्रमाग चालवतात. १८५७ नंतर उत्तरेतून निघालेल्या मोमीन विणकरांनी मालेगाव, भिवंडी ही गावं मागांच्या आवाजाने भरली. तिथल्या हजारो घरांचा चुलाही अजून त्याच आवाजावर चालतो. या विणकराचा सर्वात मोठा खर्च म्हणजे धागा.

खेळण्यांप्रमाणेच धाग्यावरही गुणवत्ता नियंत्रण आदेश आले. मार्च २०२३ पासून व्हिस्कोसच्या तंतूवर, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून पॉलिस्टर धाग्यावर. बीआयएसचा परवाना नसेल तर बाहेरचा धागा आत येणार नाही. परदेशी कारखान्याला परवाना हवा तर बीआयएसच्या अधिकाऱ्यांनी तिथे जाऊन तपासणी करावी लागते. ती भेट लांबली की परवाना लांबला, आणि परवाना लांबला की माल बंद. देशात व्हिस्कोसचा तंतू बनवणारा मोठा उत्पादक जवळपास एकच आहे. बाहेरचा पुरवठा आटला की तो सांगेल तो भाव. कागदावर हा दर्जाचा नियम होता, पण त्याने आयातशुल्काचं काम केलं. तेही असं, की त्यात सरकारी तिजोरीला दमडी मिळत नाही आणि फरक थेट मोठ्या उत्पादकाच्या खात्यात जातो.

मी चाचांना विचारलं होतं की या शिक्क्याचा तुम्हाला काही फायदा झाला का. ते म्हणाले, "बेटा, धागा कसा आहे हे माझ्या बोटांना कळतं. खराब असला तर मागावर तासाभरात तुटतो, आणि मी तो व्यापाऱ्याच्या तोंडावर परत फेकतो. मला शिक्का नको, भाव हवा."

या उत्तरात सगळा मुद्दा आला. धागा घेणारा स्वतः जाणकार आहे. तो रोज घेतो, हातात धरून बघतो, खराब निघाला तर दुकान बदलतो. त्याला सरकारने धाग्याच्या दर्जापासून वाचवण्याची गरज नाही. चार्जर घेणाऱ्या आईला मात्र आतलं काही दिसत नाही, आणि चूक कळते तेव्हा उशीर झालेला असतो. सक्तीचा शिक्का तिच्यासाठी हवा. आपण उलट केलं. जिथे घेणाऱ्याला सगळं दिसतं तिथे दाराला कुलूप, आणि जिथे त्याला काहीच दिसत नाही तिथे फूटपाथवर खुला बाजार.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने पॉलिस्टरचा कच्चा माल, तंतू आणि धागा यांवरचे आदेश मागे घेतले, पाठोपाठ व्हिस्कोसचाही घेतला. उशिरा झालं, पण बरोबर झालं. मात्र मधल्या दोन-अडीच वर्षांत ज्यांनी माग भंगारात काढले, त्यांना कोणी विचारायला गेलं नाही.

बहिष्कार कुणावर?

जून २०२० मध्ये गलवानच्या चकमकीत आपले वीस जवान शहीद झाले आणि चिनी मालावर बहिष्काराची हाक उठली. टीव्ही फुटले, अॅप काढली गेली. २०१९-२० मध्ये चीनकडून आपली आयात सुमारे ६,५०० कोटी डॉलर होती. २०२४-२५ मध्ये ती सुमारे ११,३०० कोटी डॉलर झाली. कारण या आयातीतला मोठा भाग म्हणजे मशिनं, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, औषधांचा कच्चा माल. ते बंद केलं तर इथले कारखाने थांबतील.

बहिष्काराची झळ बसते ती शेवटच्या दुकानदाराला. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आजूबाजूला, अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा कुठल्याही शहराच्या मोबाइल गल्लीत बसलेल्या आपल्या पोराने तो माल ना बनवलेला असतो, ना त्याचं धोरण ठरवलेलं असतं. पण घोषणा देणारे त्याच्याच काउंटरसमोर येतात, आणि त्याचं नाव विचारलं की घोषणांचा आवाज वाढतो. देशप्रेमाच्या नावाखाली दुकानदाराची झडती घेणं सोपं आहे. प्रयोगशाळा उभारणं अवघड आहे.

हे त्या दुकानदाराच्या बाजूने बोललो, तसं त्याला दोन शब्द सुनावणंही भाग आहे. 'ओरिजिनल आहे' असं सांगून नकली चार्जर देणं, शिक्क्याचं खोटं स्टिकर लावणं, बिल मागितलं की 'बिलावर महाग पडेल' म्हणणं, हे आपल्याच गल्लीत रोज होतं. आपल्या फिक्हमध्ये विकणाऱ्याने मालातला ऐब सांगायलाच हवा, आणि लपवला तर घेणाऱ्याला माल परत करण्याचा हक्क आहे. त्याला 'खियार-उल-ऐब' म्हणतात. जुन्या इस्लामी शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी बाजारात फिरायचा. वजनं-मापं, पीठ-दूध, कापड तपासायचा. कुठला धंदेवाला कुठली लबाडी करतो आणि ती कशी पकडायची, याच्या पुस्तिका त्या काळी लिहिल्या गेल्या. मालाचा दर्जा तपासणं हे स्वतंत्र काम आहे आणि त्यासाठी स्वतंत्र माणूस लागतो, ही समज आपल्या परंपरेत होती. नमाज सोडली तर लोक टोकतात. पेट घेणारा चार्जर विकला तर कोणी टोकत नाही, हे बदललं पाहिजे.

मागायचं काय, करायचं काय

सरकारकडे मागण्यासारख्या माझ्या लेखी चार गोष्टी आहेत. एक, ज्या वस्तूचा धोका आतून असतो आणि घेणाऱ्याला दिसत नाही, म्हणजे चार्जर, पॉवर बँक, कुकर, गीझर, खेळणी, तिथे शिक्का सक्तीचा असावा आणि तो देशी-परदेशी दोघांना सारखा लागू असावा. दोन, बाजारातून सतत नमुने उचलावेत आणि नापास वस्तूंची नावं मराठीत, सगळ्यांना वाचता येतील अशी जाहीर करावीत. तीन, कच्च्या मालावर दर्जाच्या नावाखाली आयातबंदी नको. संरक्षण द्यायचंच असेल तर उघडपणे शुल्क लावा, म्हणजे कोण किती भरतंय हे दिसेल. चार, दंड असा असावा की तो लागावा. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका बड्या ऑनलाइन कंपनीला शिक्का नसलेले २,२६५ कुकर विकल्याबद्दल ते परत घेण्याचा, गिऱ्हाइकांचे पैसे परत देण्याचा आणि १ लाख रुपये दंडाचा आदेश दिला. आदेश योग्यच होता, पण एवढ्या मोठ्या कंपनीला १ लाख म्हणजे चहापाण्याचा खर्च.

तुम्ही-आम्ही करण्यासारखंही थोडं आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. फोनवर 'बीआयएस केअर' हे अॅप घ्या. चार्जर किंवा पॉवर बँकवर 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, कुकर-खेळण्यावर आयएसआयच्या शिक्क्याखाली 'सीएम/एल' क्रमांक असतो. तो अॅपमध्ये टाकला की परवाना खरा की खोटा, कोणाच्या नावावर, हे लगेच दिसतं. आयात वस्तूच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि बनवणारा देश छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर वस्तू ठेवून द्या. बिल घ्या. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायला फी लागत नाही, आणि वकीलही लागतोच असं नाही.

आपल्यातले जे इंजिनिअरिंग, आयटीआय, डिप्लोमा करताहेत त्यांच्याकडून माझी एक अपेक्षा आहे. तुमच्याकडे मल्टिमीटर आहे आणि तुम्हाला सर्किट वाचता येतं. मोहल्ल्यातल्या एखाद्या हॉलमध्ये महिन्यातून एक रविवार बसा. लोकांना त्यांचे चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, मुलांची खेळणी घेऊन बोलवा आणि शिक्के तपासून द्या. ज्यांची दुकानं आहेत त्या भावांनाही बोलवा. मालाला शिक्का आहे आणि बिल मिळतं, अशी दुकानाची ओळख झाली की गिऱ्हाईक दहा रुपये जास्त देऊनही तिथेच येतं.

आयातशुल्काचे दर दिल्लीत आणि वॉशिंग्टनमध्ये ठरतात. ते आज चढतील, उद्या उतरतील, आणि त्यावर आपला फारसा जोर नाही. पण आज रात्री घरातल्या प्लगला जो चार्जर लागणार आहे, त्याच्यावरचा क्रमांक तपासायला दोन मिनिटं लागतात. तेवढं आधी करू.